मुलगी म्हणते, ‘मी दुसऱ्या जगात जाणार आहे’

इंदूरच्या रामबागेतल्या एका आईच्या हाती अकरावीतल्या मुलीची वही लागली. पानोपानी एका वेगळ्याच जगाचं वर्णन होतं: तिथलं आपलं नाव, घर, मैत्रिणी, परत यायचा परवलीचा शब्द. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, ‘आज कंप आला, अंग तरंगलं, जवळजवळ पोचलेच होते.’ आईने माझ्याकडे समुपदेशनाला आल्याआल्या विचारलं, “रात्रभर काय करून राहते कोण जाणे. हिला वेड तर लागत नाहीये ना?” बाबांना एवढंच हवं होतं की वही जाळावी का. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वही जाळू नका. ती जाळली तर मूल लिहिणं थांबवतं, करणं नाही. आणि मग आपल्याला काहीच कळत नाही.

मनाने दुसऱ्या जगात जायच्या या खटाटोपाला मुलं ‘शिफ्टिंग’ म्हणतात. २०२०च्या टाळेबंदीच्या काळात छोट्या व्हिडिओंमधून ते जगभर पसरलं. आधी हव्या त्या जगाची ‘स्क्रिप्ट’ लिहायची. रात्री पाठीवर, हातपाय एकमेकांना लागणार नाहीत असे पसरून पडायचं, डोळे मिटून शंभरपर्यंत मोजायचं आणि मधूनमधून ‘मी तिथे आहे’ असं मनात म्हणायचं. काहीजण त्यासाठी पहाटेचा गजर लावतात.

त्यातून काहीतरी खरोखर जाणवतं, हे पालकांनी आधी मान्य करावं. झोप लागता लागता तरंगल्यासारखं वाटणं, प्रकाश किंवा आकृत्या दिसणं हे निरोगी माणसालाही होतं. स्वप्नांच्या झोपेत शरीराचे स्नायू निकामी ठेवलेले असतात. ती अवस्था संपायच्या आत जाग आली तर हलता येत नाही, छातीवर दाब येतो, खोलीत कुणीतरी उभं असल्याचा भास होतो. पाठीवर झोपणं, अपुरी झोप आणि मधेच मोडलेली झोप, या तिन्हींमुळे ही शक्यता वाढते. शिफ्टिंगच्या रीतीत तिन्ही आहेत. या मुलीला कपाटापाशी उभं कुणी दिसलं होतं आणि तो दुसऱ्या जगाचा पहारेकरी, असं तिने ठरवून टाकलं होतं. खरं कारण कळल्यावर तिचा चेहरा पडला नाही. उलट ती म्हणाली, “म्हणजे मला ते धरून ठेवणार नव्हतं ना?”

आता वेडाचं. ही समजूत तिने समवयस्कांकडून उचललेली होती, तिच्यावर ती शंका घेऊ शकत होती, वाद घालू शकत होती. दिवसा, पूर्ण जागेपणी आवाज ऐकू येणं, कुणीतरी फक्त मलाच निरोप पाठवतंय अशी न हलणारी खात्री असणं, हे वेगळं. तिथे मानसोपचारतज्ज्ञच हवा. तसं काही नव्हतं.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न शांतपणे विचारला: “तू तिकडे गेलीस तर इथे काय उरेल?” शिफ्टिंग करणाऱ्यांत अशी समजूत आहे की इथे आपली प्रतिकृती उरते. ती म्हणाली, “इथली मी कोचिंगला जाईल, आईला कळणारसुद्धा नाही.” हे ऐकल्यावर मरणाबद्दल थेट विचारायलाच हवं. विचारल्याने तसा विचार डोक्यात घातला जात नाही. तिचं उत्तर स्पष्ट ‘नाही’ होतं. मूल ‘कायमचं जायचंय’ किंवा ‘इथल्या शरीराचं काही का होईना’ म्हणालं, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे.

“पण अनेक विश्वं असतात हे विज्ञानाने सिद्ध केलंय ना?” हे ती दोनदा म्हणाली. ह्यू एव्हरेट या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये मांडलेली अनेक विश्वांची कल्पना म्हणजे क्वांटम गणिताचा एक अन्वयार्थ आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. शिवाय त्यातही एका विश्वातून दुसऱ्यात कुणी जात नाही.

उपाय झोपेपासून सुरू केला. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. कोचिंग सकाळी सातला, म्हणून दिवे दहाच्या आत बंद, कुशीवर झोपायचं, पहाटेचा गजर नाही. वही दुपारी, टेबलाशी, चाळीस मिनिटं.

खरा बदल मात्र लिखाणात झाला. स्क्रिप्टमध्ये कशाचीच किंमत मोजावी लागत नाही, म्हणून ती संपत नाही. कथेत मोजावी लागते. तिला तीन प्रश्न दिले: पलीकडे जाताना काय गमवावं लागतं? तिथे आधीपासून असलेली ‘तू’ कुठे जाते? मागे कोण वाट बघतं? सोबत जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही विज्ञानकथा वाचायला दिली. तिच्यातले इतिहासाचे प्राध्यापक १७६१ची लढाई मराठ्यांनी जिंकलेल्या जगात जातात आणि परत येतात. मल्हारराव होळकर पानिपतातून निसटले हे इंदूरच्या पोरीला ठाऊक असतंच. जिंकलेल्या जगात होळकरांचं काय झालं असतं, यावर ती तावातावाने बोलली.

मग तिची स्वतःची कथा आली. तिच्यातली मुलगी अशा वर्गात पोचते जिथे तिच्या उच्चारांना कुणी हसत नाही. भंवरकुआंच्या कोचिंगमध्ये काय चाललंय, ते आईबाबांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. रात्रीचं जखडणं थांबलं होतं, पण तो त्रास तसाच होता. पुढच्या बैठका त्यावरच झाल्या. बाबांनी संचालकांशी बोलून बॅच बदलून घेतली. वही अजून चालू आहे.