सातबाऱ्याच्या नावाचं भजं, आणि फाइल अपलोडचे आणखी तीन प्रश्न

या वेळी नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं) आणि एक्सप्रेस (त्यावरची वेबसाठीची चौकट) यांवर काम करणाऱ्या वाचकांचे चार प्रश्न घेतले आहेत. चौघेही अपलोड झालेल्या फाइल स्वीकारणारी मल्टर ही लायब्ररी वापरतात.

प्रश्न : फॉर्ममधून फोटो पाठवते, पण सर्व्हरवर रिक्वेस्ट.फाइल कायम अनडिफाइन्ड. एररही येत नाही. दोन दिवस यातच गेले.

एरर येत नाही म्हणताय, म्हणजे फॉर्मच्या टॅगमध्ये एनसीटाइप (माहिती कोणत्या स्वरूपात पाठवायची ते) द्यायचं राहिलं असणार. तिथे 'मल्टिपार्ट/फॉर्म-डेटा' नसेल तर ब्राउझर फाइल पाठवतच नाही, नुसतं तिचं नाव मजकूर म्हणून पाठवतो. आणि रिक्वेस्ट मल्टिपार्ट नसेल तर मल्टर तिला हात न लावता पुढे सोडून देतं. म्हणून सगळं चिडीचूप.

जावास्क्रिप्टच्या फेचने फाइल पाठवणारे नेमकी उलटी चूक करतात. फॉर्मडेटा पाठवताना कंटेंट-टाइपचा हेडर हाताने लिहितात. मल्टिपार्टमध्ये दोन भागांच्या मधे एक बाउंडरी असते. ती ब्राउझर स्वतः ठरवतो आणि त्याच हेडरमध्ये लिहितो. तुम्ही हेडर लिहिलात की बाउंडरी गेली. तो हेडर काढून टाका, एवढंच.

प्रश्न : आमच्याकडे लोक 'सातबारा', 'उत्पन्नाचा दाखला' अशा मराठी नावांच्या फाइल टाकतात. डेटाबेसमध्ये त्या नावांचं भजं होतं. डेटाबेसचं एन्कोडिंग तीनदा तपासलं, ते बरोबर आहे.

डेटाबेस निर्दोष आहे, त्याला सोडा. मल्टरच्या आत बसबॉय नावाची लायब्ररी असते. मल्टिपार्टची चिरफाड तीच करते. तिच्या १.० आवृत्तीपासून फाइलचं नाव, वेगळं काही सांगितलं नसेल तर, लॅटिन-१ (एका बाइटला एक खूण देणारं जुनं रोमन एन्कोडिंग) समजून वाचलं जातं. ब्राउझर मात्र यूटीएफ-८ मध्ये पाठवतो.

त्या भज्याकडे जरा निरखून बघा. दर तीन खुणांनी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' दिसेल. त्याच्या मागोमाग कधी चार टोकं फुटलेलं वर्तुळ, तर कधी जपानी येनचं चिन्ह. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं आणि पहिला बाइट सगळ्यांचा एकच, तोच हा 'ए'. वर्तुळ आणि येन हे दुसरे बाइट. दीर्घ वेलांटी, उकार, बाकीच्या बहुतेक मात्रा आणि हलन्त येनच्या वाट्याला येतात. हा नमुना दिसला की दुसरीकडे शोधायला जाऊ नका.

उपाय एका ओळीचा आहे : ओरिजिनलनेम (मल्टरने दिलेलं फाइलचं मूळ नाव) नोडच्या बफरमध्ये, म्हणजे बाइटांच्या डब्यात, 'लॅटिन१' म्हणून भरायचं आणि 'यूटीएफ८' म्हणून बाहेर काढायचं. पण आधी कन्सोलवर नाव छापून बघा. जे नाव आधीच नीट मराठीत आहे त्यावर ही ओळ चालवली, तर प्रत्येक अक्षराचा एकच बाइट उरतो आणि मूळ नाव कायमचं जातं. जुन्या नोंदी दुरुस्त करायची स्क्रिप्ट लिहाल तेव्हा टेबलाची प्रत काढून ठेवा. मी एकदा नव्हती ठेवली.

आता न विचारलेलं एक सांगतो. हे नाव डिस्कवरच्या फाइलला देऊच नका. तुमच्याकडे दिवसाला दहा जण 'सातबारा' नावाची पीडीएफ टाकणार. फाइल डिस्कवर ठेवणाऱ्या मल्टरच्या डिस्कस्टोरेजमध्ये ओरिजिनलनेम वापरलंत तर दुसऱ्याचा सातबारा पहिल्याच्या उरावर बसेल, तोही बिनबोभाट. शिवाय लिनक्सवर फाइलच्या नावाला साधारणपणे २५५ बाइटची मर्यादा असते. म्हणजे मराठीत जेमतेम ८५ चिन्हं, आणि काना-मात्राही त्यातच मोजायच्या. सरकारी दाखल्याचं पूर्ण नाव लिहायची हौस असलेले लोक ती सहज ओलांडतात. डिस्कवर यूयूआयडी (यंत्राने बनवलेला, पुन्हा न येणारा क्रमांक) ठेवा, मराठी नाव डेटाबेसच्या रकान्यात, आणि डाउनलोड देताना ते परत लावा.

प्रश्न : मल्टरच्या फाइलफिल्टरमध्ये माइमटाइप (फाइलच्या प्रकाराचं नाव) तपासतो, फक्त जेपेग आणि पीडीएफ घेतो. एवढं पुरेसं आहे ना?

नाही. तो माइमटाइप फाइल पाठवणाऱ्यानेच लिहिलेला असतो. ब्राउझरही बहुधा एक्स्टेन्शन बघूनच तो लिहितो, आत डोकावत नाही. आणि कर्लसारख्या कमांड-लाइन साधनावरून तर वाटेल ते लिहिता येतं. पाहुण्याने दारात सांगितलेलं नाव, एवढीच त्याची किंमत. फाइलफिल्टर चालतं तेव्हा फाइलचा मजकूर तुमच्या हातात आलेलाही नसतो. तेव्हा ते ठेवा, पण चुकून भलतीच फाइल निवडणाऱ्या साध्या माणसासाठी.

खरी तपासणी फाइल आल्यानंतर. जेपेगचे पहिले तीन बाइट ठरलेले असतात : एफएफ, डी८, एफएफ. पीडीएफच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि लगेच पीडीएफ ही तीन रोमन अक्षरं. पण सुरुवात बरोबर ठेवून पुढे काहीही चिकटवता येतं, म्हणून फोटो असेल तर मी तो शार्प या चित्रांच्या लायब्ररीतून नव्याने काढून घेतो आणि मूळ फाइल टाकून देतो. मोबाइलने फोटोत लिहिलेलं जीपीएस ठिकाणही त्यात आपोआप गळतं. पीडीएफचं असं करता येत नाही. ती पब्लिक फोल्डरबाहेर ठेवा आणि देताना 'अटॅचमेंट' म्हणून द्या, सोबत नोस्निफचा हेडर, म्हणजे ब्राउझर फाइलचा प्रकार स्वतः ओळखायला जाणार नाही. उद्या कोणी एसव्हीजी मागितलं तर सरळ नाही म्हणा. ते चित्र दिसत असलं तरी त्यात स्क्रिप्ट बसते.

प्रश्न : लॅपटॉपवर ३ एमबीची फाइल जाते, सर्व्हरवर ४१३ (रिक्वेस्ट फार मोठी) हा एरर येतो. मल्टरमध्ये तर मर्यादाच घातलेली नाही.

तुमच्या अ‍ॅपच्या पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असणार. त्याची क्लायंट मॅक्स बॉडी साइझ मुळात १ एमबी असते, त्यामुळे रिक्वेस्ट मल्टरपर्यंत पोचलेलीच नाही. ती वाढवा. पण मल्टरमध्ये मर्यादा नसणं ही जास्त काळजीची गोष्ट आहे, कारण न सांगितल्यास ते कितीही मोठी फाइल घेतं. त्यात फाइल रॅममध्ये ठेवणारं मेमरीस्टोरेज असेल तर ५० एमबीच्या वीस फाइल एकदम आल्या की १ जीबी रॅम गेली. मल्टरला १० एमबी द्या आणि एनजिनएक्सला १२, म्हणजे जरा मोठी झालेली फाइल मल्टर अडवेल आणि तुम्हाला माणसाला समजेल असा निरोप देता येईल. मल्टरची फाइलसाइझ बाइटमध्ये असते बरं का. नुसतं १० लिहिलंत तर दहा बाइटच्या वरचं सगळं परत जाईल.