फेडरल कोर्टातला जामीन: पैशांआधी फोन सांभाळा

प्रश्न: माझा भाचा एच-वन-बी व्हिसावर न्यू जर्सीत नोकरी करतो. वायर फ्रॉडच्या (फोन, इंटरनेट वापरून केलेल्या फसवणुकीच्या) आरोपाखाली त्याला अटक झाली असून प्रकरण नेवार्कच्या फेडरल (केंद्रीय) कोर्टात आहे. जामिनाच्या सुनावणीसाठी सरकारी वकिलांनी तीन दिवस मागून घेतले. जामिनासाठी किती रक्कम उभी करू? इथला सातबारा, ऐपतीचा दाखला चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर: पैशांची जमवाजमव तूर्त थांबवा. १९८४च्या जामीन सुधारणा कायद्यानुसार आरोपीला भरताच येणार नाही आणि त्यामुळे तो आत अडकेल, अशी रक्कम फेडरल न्यायाधीश लावू शकत नाहीत. बहुतेक वेळा नुसत्या सहीचा बाँड होतो. आज एक डॉलरही भरायचा नाही, पण आरोपी पळाला तर सही करणाऱ्याच्या गळ्यात पूर्ण रक्कम पडते. जामीनदार शक्यतो तिथेच राहणारा आणि पगार दाखवू शकणारा हवा. सातबाऱ्याचा तिथे फारसा उपयोग नाही.

सरकारला जास्तीत जास्त तीन दिवस मिळतात. त्यात शनिवार, रविवार आणि सुट्ट्या धरत नाहीत, त्यामुळे शुक्रवारी मागितले तर सुनावणी बुधवारपर्यंत जाऊ शकते. वायर फ्रॉड हिंसक गुन्ह्यात मोडत नाही. म्हणून सरकारला बहुधा एकच मुद्दा मांडता येतो: तो पळून जाईल. मोठ्या अमली पदार्थांच्या खटल्यात ‘आत ठेवावे’ असेच कायदा आधी गृहीत धरतो, तसे इथे नाही. भाच्याच्या वकिलाने हा फरक ठासून मांडायला हवा. अनेकदा तो मांडलाच जात नाही, याची खंत वाटते. फेडरल कोर्टात सोडलेल्यांपैकी शंभरातले सुमारे नव्व्याण्णव जण तारखेला हजर राहतात.

आता खरी मेख. कोर्टाचा प्रीट्रायल (खटल्याआधी आरोपीची माहिती काढणारा) अधिकारी भाच्याची मुलाखत घेऊन घर, नोकरी, नातेवाईक यांची माहिती अहवालात लिहितो आणि एखाद्या नातेवाइकाला फोन करून ती पडताळतो. अनोळखी नंबर म्हणून फोन उचलला नाही, तर अहवालात ‘पडताळणी झाली नाही’ एवढंच उरतं. म्हणून सूनबाईंना फोन जवळ ठेवायला सांगा. घरभाडे करार, पगाराच्या पावत्या आणि पासपोर्ट एका पाकिटात वकिलाकडे द्या. पासपोर्ट जमा करण्याची तयारी आधीच दाखवलेली बरी. पायाला जीपीएस पट्टा, प्रवासाची हद्द अशा अटी येऊ शकतात. मुलाखतीत आरोपाविषयी भाच्याने एक शब्दही बोलू नये.

सुटका मागण्याआधी वकिलांना एक विचाराच: इमिग्रेशन खात्याने डिटेनर (‘सोडताना आमच्या ताब्यात द्या’ अशी मागणी) लावलाय का? लावला असेल तर कोर्टाने सोडल्यावर ते खाते त्याला ताब्यात घेऊ शकते.

मॅजिस्ट्रेटनी नकार दिला तर जिल्हा न्यायाधीशांकडे फेरविचार मागता येतो. वकील परवडत नसेल तर कोर्ट मोफत देते. आणि तुरुंगातून येणारे फोन रेकॉर्ड होतात, तेव्हा त्यावर फक्त खुशाली विचारा.