तीन टिंबांमागचं परीक्षण

प्रश्न : नवी पेठेतल्या पोस्टरवर एका दैनिकाच्या नावानं ‘अप्रतिम... थक्क करणारा’ असं वाचून घरचे पाच जण सिनेमाला गेलो. निराशा झाली. मग मूळ परीक्षण शोधलं, तर त्यात दोनच तारे! तिकिटाचे पैसे परत मागता येतील का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : घोळ त्या तीन टिंबांत आहे. समजा, मूळ वाक्य असं असेल : ‘छायाचित्रण अप्रतिम, पण पटकथेचा ढिसाळपणा थक्क करणारा.’ दोन्ही शब्द समीक्षकाचेच, पण अर्थ पार उलटा. ही वाचकाची आणि समीक्षकाची, दोघांचीही फसवणूक आहे.

ताऱ्यांचंही तसंच. २०१५च्या ‘लेजंड’ या ब्रिटिश सिनेमाच्या पोस्टरवर ‘गार्डियन’ या दैनिकाचे दोन तारे नायकांच्या दोन डोक्यांच्या मधोमध छापले होते, बाकीचे डोक्यांमागे झाकले गेलेत असंच वाटावं. सोनीच्या जाहिरातींत तर ‘डेव्हिड मॅनिंग’ नावाचा समीक्षकच बनावट निघाला. ते २००१मध्ये उघड झालं आणि २००५मध्ये कंपनीनं प्रेक्षकांना तिकिटामागे ५ डॉलर देण्याची तडजोड मान्य केली.

आपल्याकडे परतावा मिळणं अवघड आहे. ट्रेलरमधलं गाणं सिनेमात नव्हतं, म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या एका प्रेक्षकानं लढवलेला दावा सर्वोच्च न्यायालयात २०२४मध्ये टिकला नाही. ट्रेलर म्हणजे करार नव्हे, असं न्यायालयानं म्हटलं. तुमचं प्रकरण थोडं वेगळं आहे, कारण इथं दुसऱ्याचं मत मोडतोड करून वापरलंय. तरी भिस्त परताव्यावर ठेवू नका, जाहिरातीविरुद्ध तक्रार करा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम १७नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी देता येते, म्हणजे त्यासाठी सोलापूरबाहेर जायला नको. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड करता येतो. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहेच.

पोस्टर उतरायच्या आत त्याचा फोटो काढा, अवतरणाखालची बारीक अक्षरं वाचता येतील इतक्या जवळून. मूळ परीक्षणाचं कात्रण किंवा ई-पेपरचं पान तारखेसकट जोडा आणि गाळलेले शब्द अधोरेखित करा. ‘सिनेमा आवडला नाही’ हे अर्जात लिहू नका. त्यानं मुद्दा आवडीनिवडीवर घसरतो.

पुढच्या वेळी अवतरणाखाली समीक्षकाचं नाव आहे का ते बघा. नुसतं पोर्टलचं नाव असेल किंवा प्रदर्शनाच्या आधीच कौतुक छापलं असेल, तर शनिवारपर्यंत थांबून पूर्ण परीक्षण वाचा, मगच तिकीट काढा.