न्यूमरिकल रेंजला मराठीत काय म्हणावे?

कालिन्याला एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: 'दादरला मराठीतून व्याख्यान द्यायचे आहे. विषय आहे लहान मॅट्रिक्सची न्यूमरिकल रेंज आणि तिच्याशी निगडित वक्र. मी "संख्यात्मक परास" आणि "बीजीय वक्र" असे शब्द घेतले आहेत. चालतील का?'

दोन्ही बदला, असे मी आग्रहाने सांगेन. मॅट्रिक्स म्हणजे ओळी आणि स्तंभांत मांडलेल्या संख्यांची चौकट; तिच्यापासून एका ठरावीक रीतीने निघणाऱ्या सगळ्या संख्या म्हणजे तिची न्यूमरिकल रेंज.

'परास' हिंदी परिभाषेत चालतो. मराठी कानाला मात्र तो 'त्याच्यापरास ही बरी' यातला, म्हणजे 'पेक्षा' या अर्थाचा, वाटतो. 'संख्यात्मक' म्हटले की समोर 'गुणात्मक' उभे राहते, आणि इथे तर तो भेदच नाही. मग 'विस्तार' का नको? शाळेच्या सांख्यिकीत विस्तार म्हणजे सर्वांत मोठी किंमत वजा सर्वांत लहान किंमत, एकच संख्या. आपल्याला हवा आहे प्रतलावरचा आख्खा भाग.

मुळाकडे गेले की वाट सापडते. ही कल्पना 1918 मध्ये ओटो टोप्लिट्झने मांडली आणि 1919 मध्ये फेलिक्स हाउसडॉर्फने पुढे नेली. त्यांचा जर्मन शब्द 'वेर्टफोरराट'. वेर्ट म्हणजे किंमत; 'x ची किंमत काढा' म्हणतो तीच. फोरराट म्हणजे साठा, घरात भरून ठेवलेली बेगमी. लांबी 1 असलेला प्रत्येक सदिश (लांबी आणि दिशा असलेली राशी) घ्यायचा, त्यावर मॅट्रिक्स चालवायची, आणि जे येईल त्याचा त्याच सदिशाशी अदिश गुणाकार करायचा. अशा जितक्या संमिश्र संख्या (प्रतलावर बिंदू म्हणून मांडता येतात त्या) निघू शकतात, तितकी त्या मॅट्रिक्सची बेगमी. टोप्लिट्झने तिची बाहेरची कड बहिर्वक्र, म्हणजे कुठेही आत न वळणारी, असल्याचे दाखवले, आणि हाउसडॉर्फने आत कुठे भोक नसल्याचे.

माझ्या मते यासाठी मराठीत नेमका शब्द तयार आहे: आवाका. 'हे काम त्याच्या आवाक्यात नाही' म्हणताना आपण कुठवर हात पोचतो तेच सांगत असतो.

व्याख्यानात हे हाताने करून दाखवा. पुठ्ठ्यावर 8 सेंटिमीटर अंतरावर दोन टाचण्या टोचा. त्यांना दोरा असा बांधा की मधला सैल दोरा 10 सेंटिमीटर भरेल. पेन्सिलीने दोरा ताणत फिरवा. लंबवर्तुळ उमटेल, लांबी 10, रुंदी 6. आता 2 सेंटिमीटरला 1 एकक धरा. ज्या मॅट्रिक्सची वरची ओळ 0, 3 आणि खालची 0, 4 आहे, तिचा आवाका म्हणजे हेच लंबवर्तुळ, आतल्या भागासकट. टाचण्या आहेत 0 आणि 4 वर, म्हणजे तिच्या दोन आयगेन व्हॅल्यूंवर. काही सदिशांना मॅट्रिक्स नुसती पट लावते, रेषा बदलत नाही; ती पट म्हणजे आयगेन व्हॅल्यू. 'आयगेन' म्हणजे स्वतःचे. स्वतःच्या किमती दोनच, पण आवाका उणे 0.5 पासून 4.5 पर्यंत. त्या 3 च्या जागी 0 ठेवला तर रुंदी संपते आणि दोन टाचण्यांमधली रेघ तेवढी उरते. मला हे चित्र फार आवडते, कारण शब्दाचा अर्थ त्यात डोळ्यांना दिसतो.

'पल्ला' हा शब्दही सुचवला जातो. तो टाकू नका, दुसऱ्या कामाला ठेवा. तोफेचा पल्ला एका दिशेने मोजतात. आवाक्याचीही एकेका दिशेतली शेवटची हद्द काढता येते. तो त्या दिशेचा पल्ला. सगळ्या दिशांचे पल्ले मिळून आवाका ठरतो, आणि शून्यापासूनचा सर्वांत लांबचा पल्ला म्हणजे इंग्रजीतली न्यूमरिकल रेडियस.

वक्राची गोष्ट इथूनच निघते. प्रत्येक दिशेच्या हद्दीवर एक रेषा आखा. रुडोल्फ किपेनहानने (हा पुढे ताऱ्यांचा अभ्यासक म्हणून नावाजला) 1951 मध्ये दाखवले की n ओळींच्या मॅट्रिक्सच्या या रेषा n घाताच्या एका समीकरणात बसतात. त्यांना स्पर्श करणाऱ्या वक्राभोवती बाहेरून दोरा घट्ट गुंडाळला की आतला भाग म्हणजे आवाका. आयगेन व्हॅल्यू या त्या वक्राच्या नाभी, लंबवर्तुळात टाचण्या होत्या तशा. त्याला 'बैजिक वक्र' म्हणा. 'बैजिक राशी' शाळेत सगळ्यांनी गिरवलेली आहे. 'बीजीय' हिंदीतून आलेले दिसते.

तीन ओळींच्या मॅट्रिक्सवर याल तेव्हा एक काळजी घ्या. तिथे आवाका कधी त्रिकोण असतो, कधी लंबवर्तुळ, कधी लंबवर्तुळाला बाहेरच्या एका बिंदूपासून दोन स्पर्शिका जोडून झालेला टोकदार आकार, कधी एका बाजूने सपाट. आणि कधी नुसता गोलसर लांबट, पण लंबवर्तुळ नव्हे. या शेवटच्याला सैलपणे 'लंबवर्तुळाकार' म्हणाल तर विधानच चुकेल. 'अंडाकृती' म्हणा. श्रोते दादरचे आहेत, चर्चगेटजवळच्या ओव्हल मैदानाचे नाव घेतलेत तरी फरक लगेच कळेल.