‘भूगोल’ या शब्दाचा नेमका अर्थ काय? ‘जिऑग्राफी’ हा शब्द कुठून आला?

शिक्षक भरतीची तयारी करतोय असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, म्हणून आधीच सांगते: मुलाखतीत हे विचारलं तर खरं उत्तर देऊ नका. मी १९९१ साली दिलं होतं.

तालुक्याच्या गावातली संस्था, भूगोलाची एक जागा, आणि बाहेर बाकांवर आम्ही अकरा जण. पहाटेच्या एसटीनं गेले, माझा नंबर लागला दुपारी तीनला. आत चौघं. विषयतज्ज्ञांनी कागदावरून मान वर न करता विचारलं, “भूगोल शब्दाचा अर्थ सांगा.”

“पृथ्वीचा गोल.”

“पुढे?”

“पुढे काही नाही सर, शब्द तिथंच संपतो.”

अध्यक्ष खो खो हसले. तज्ज्ञ म्हणाले, “पृथ्वीचे वर्णन, बाई. बीएडला काय केलंत?”

अहो, ‘पृथ्वीचे वर्णन’ हा जिऑग्राफीचा अर्थ आहे! ग्रीकमध्ये ‘गे’ म्हणजे पृथ्वी आणि ‘ग्राफेइन’ म्हणजे लिहिणं, रेखाटणं. शब्दाचं श्रेय एराटोस्थेनिसला देतात. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला, अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख. सावलीवरून पृथ्वीचा परीघ काढला तो यानंच: २१ जूनच्या सुमारास भर दुपारी इजिप्तमधल्याच सायीनला (आजचं आस्वान) सूर्य डोक्यावर, तेव्हा अलेक्झांड्रियात तो ७.२ अंश कललेला. म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग. दोन गावांतलं अंतर ५,००० स्टेडिया (तेव्हाचं लांबीचं माप), गुणिले ५०, झाला परीघ. त्याला ‘बीटा’ म्हणून चिडवत, प्रत्येक विद्येत दुसरा नंबर म्हणून. वेळापत्रकात कायम इतिहासाच्या मागे उभं राहणाऱ्या आमच्या विषयाला शोभणाराच मूळ पुरुष.

उर्दू शाळांत या विषयाला ‘जुग्राफिया’ म्हणतात. तो हाच ग्रीक शब्द, अरबीतून आलेला. त्यांना वर्णन म्हणू द्या, त्यांच्या शब्दात ते आहे.

आपल्या शब्दात नाही. इसवी सन ४९९ च्या सुमारास आर्यभट लिहितो, ‘भूगोलः सर्वतो वृत्तः’. भूगोल सगळीकडून वाटोळा आहे. आता इथं तज्ज्ञांचा अर्थ घाला: पृथ्वीचे वर्णन सगळीकडून वाटोळे आहे. हे मला परतीच्या एसटीत सुचलं. नेहमी असंच होतं.

मग शास्त्राला काय म्हणायचे? भूगोलविद्या. बाळशास्त्री जांभेकरांच्या पुस्तकाचं नाव तेच आहे. पुढे बोलता बोलता ‘विद्या’ गळाली आणि गोळ्याचं नाव विषयाला चिकटलं. पटत नसेल तर सख्खा भाऊ बघा. खगोल. तिथं आपण अजून ‘खगोलशास्त्र’ म्हणतो, नुसतं ‘मी खगोल शिकतो’ कुणी म्हणत नाही. भूगोलाचीच शेपटी का तुटली? माझ्या मते शाळांमुळे. ‘इतिहास-भूगोल’ असं एका दमात म्हणायला विद्या-शास्त्र अडचणीचं होतं. (हे माझं मत, पुरावा मागू नका.)

शब्दात ‘गोल’ आहे म्हणून पृथ्वी गोल असल्याचं जगात आधी आपल्यालाच कळलं, असा निरोप आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दर सहा महिन्यांनी फिरतो. वर दिलेला एराटोस्थेनिसचा आणि आर्यभटाचा काळ पडताळून बघा आणि तो पुढे पाठवू नका.

आता न्यायाने बोलायचं तर आज ‘भूगोल’चा अर्थ ‘तो विषय’ असाच आहे आणि तो चूक नाही. शब्द वापरानं बदलतात. तज्ज्ञांनी ‘भूगोल या विषयाची व्याख्या सांगा’ असं विचारलं असतं तर मी नद्या, हवामान, पिकं, वस्त्या, सगळं सांगितलं असतं. त्यांनी शब्दाचा अर्थ विचारला. शब्दाचा आणि विषयाचा फरक ज्याला कळत नाही त्यानं मुलाखती घेऊ नयेत.

तुम्ही मात्र ‘पृथ्वीचे वर्णन’ म्हणा आणि नोकरी पदरात पाडून घ्या. वर्गात गेल्यावर आर्यभटाची ओळ फळ्यावर लिहा, तिथं कुणी हसत नाही.

आणि हो, ती जागा आधीच ठरलेली होती म्हणे. निवड झालेले गृहस्थ पुढे एका प्रशिक्षणात भेटले. त्यांना आत फक्त गाव विचारलं होतं.