पाळी थांबल्यानंतर ओटीपोटाच्या तळाची काळजी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझे वय ५२ असून पाळी जाऊन दीड वर्ष झाले. शिंकले किंवा हसले की थोडी लघवी होते, त्यामुळे मराठी नाटकांना जाणेही मी सोडले आहे. मोबाइलवर पाहून दोन महिने केगल व्यायाम (ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून सोडण्याचा) केला, पण फरक पडला नाही. सासूबाई म्हणतात, या वयात असे व्हायचेच. (सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : सासूबाईंच्या पिढीला याविषयी दुसरे काही सांगणारे कोणी नव्हते, तरी त्यांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत झोळीसारखे पसरलेले स्नायू मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना तोलून धरतात. बाळंतपणांत ही झोळी बहुधा सैलावलेली असते. त्यात पाळी जाताना इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटले की योनीचे व मूत्रमार्गाचे अस्तर पातळ आणि कोरडे होते, आणि शिंकेचा दाब अडवणे अवघड जाते. हे पुष्कळ जणींना होते, पण म्हणून ते सोसत राहण्याचे कारण नाही.

अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये हा व्यायाम मांडला, तेव्हा त्याच्या जोडीला दाब मोजण्याचे एक साधन होते, त्यामुळे योग्य स्नायू आवळला जातो आहे की नाही हे त्या स्त्रीला स्वतःलाच दिसत असे. मोबाइलवरच्या व्हिडिओंनी व्यायाम तेवढा उचलला आणि तपासणी मागे राहिली. १९९१ च्या एका अभ्यासात ४७ स्त्रियांना तो थोडक्यात तोंडी समजावण्यात आला. जेमतेम निम्म्या जणींना तो नीट जमला, तर सुमारे पाव जणी गळती वाढू शकेल अशा रीतीने तो करीत होत्या. म्हणून पहिली भेट या विषयाचे प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओथेरपिस्टची घ्यावी.

व्यायाम असा करावा : गुडघे दुमडून उताणे पडावे, वायू रोखल्यासारखा मागचा भाग आवळून तो वर, आत खेचावा, जमेल तितके सेकंद धरावा आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडावा. श्वास कोंडू नये. मांड्या व नितंब आवळू नयेत. एका वेळी किमान ८ वेळा, दिवसातून ३ वेळा, आणि हे निदान ३ महिने करावे. आपले दोन महिने तसेही अपुरे होते. शिंक येते असे वाटताच आधी स्नायू आवळावा आणि मग शिंकावे, ही युक्ती सरावाने अंगवळणी पडते. लघवी करताना धार मध्येच थांबवण्याचा व्यायाम मात्र रोज करू नये.

प्रश्न : बाजारातून परतल्यावर दाराला किल्ली लावता लावताच लघवी आवरत नाही. म्हणून पाणी कमी केले आहे. चहा मात्र पाच-सहा कप होतो. (रामबाग, इंदूर)

उत्तर : आपण नेमके उलटे केले आहे. पाणी कमी पडले की लघवी तीव्र होऊन मूत्राशयाला चुरचुरते आणि बद्धकोष्ठही वाढते. पाणी पूर्ववत करावे आणि चहा दोन कपांवर आणावा. पोह्यांबरोबरचा सकाळचा कप मी काढून घेणार नाही. लघवीतील जंतुसंसर्ग आणि मधुमेह यांची तपासणी आधी करून घ्यावी. त्यानंतर तीन दिवस लघवीच्या वेळा वहीत लिहाव्यात आणि दोन वेळांमधले अंतर १५-१५ मिनिटांनी वाढवीत न्यावे. घाई झाली की धावू नये. जागीच उभे राहून स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळावेत, कळ ओसरू द्यावी आणि मग सावकाश जावे. याला किमान ६ आठवडे द्यावे लागतात.

प्रश्न : अंग (गर्भाशय) खाली उतरल्यासारखे वाटते, संध्याकाळी जडपणा अधिक असतो. डॉक्टरांनी सुरुवातीची अवस्था असल्याचे सांगितले. घरकाम बंद करू का? (लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : बंद करू नये; पाण्याची भरलेली बादली मात्र श्वास रोखून उचलू नये, श्वास सोडत उचलावी आणि त्याच क्षणी तळ आवळून धरावा. शौचाला कुंथणे, जुनाट खोकला आणि वाढलेले वजन यांवर इलाज करणे तितकेच महत्त्वाचे आहे. सुरुवातीच्या अवस्थेत देखरेखीखालच्या व्यायामाने जडपणा कमी होऊ शकतो. त्यावरही त्रास राहिला, तर योनीत बसवून उतरलेल्या अंगाला आधार देणाऱ्या पेसरी या साधनाविषयी डॉक्टरांना विचारावे. शस्त्रक्रिया हा एकमेव मार्ग नव्हे.

प्रश्न : शरीरसंबंधाच्या वेळी फार दुखते. केगलने बरे वाटेल का? (नाव-पत्ता दिलेला नाही)

उत्तर : कदाचित दुखणे वाढेल. वेदनेच्या भीतीने पुष्कळदा हे स्नायू सतत आखडलेले राहतात. अशा वेळी त्यांना आवळायला नव्हे, सैल व्हायला शिकवावे लागते आणि त्यासाठी पोटातून घेतलेला संथ श्वास व फिजिओथेरपिस्टच्या हाताखालचे उपचार उपयोगी पडतात. कोरडेपणासाठी वंगण जेल आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने योनीत लावायचे इस्ट्रोजेन क्रीम असते. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असल्यास ते आधी सांगावे. हा प्रश्न आपण विचारलात हे बरे केलेत; तपासणीच्या खोलीत तो बहुतेक वेळा दार उघडून निघता निघता विचारला जातो.

प्रश्न : पाळी जाऊन दोन वर्षे झाली, गेल्या आठवड्यात थोडा रक्तस्राव दिसला. व्यायाम चालू ठेवू का?

उत्तर : व्यायामाचा प्रश्न नंतर पाहू. सलग १२ महिने पाळी न आल्यानंतर दिसलेला कोणताही रक्तस्राव, मग तो एक डाग का असेना, स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवावाच लागतो. कारण बहुधा साधेच निघते, पण गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग नाही याची खात्री सोनोग्राफीने, आणि गरज पडल्यास अस्तराचा नमुना तपासून, करून घ्यावी लागते. याच आठवड्यात जावे.