हॉस्पिसमधल्या मावशी-सिस्टरांचे आभार कसे मानावेत?

तुम्ही विचारलंय की वडील तीन आठवडे हॉस्पिसमध्ये, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या पेशंटची शेवटच्या दिवसांत काळजी घेणाऱ्या संस्थेत होते, गेल्या महिन्यात गेले. आता तिथल्या मावशी, सिस्टर आणि स्वयंसेवकांसाठी पेढे न्यावेत की शाल-श्रीफळ?

शाल-श्रीफळ राहू द्या. आणि ‘केवढं पुण्य घडतंय तुमच्या हातून’ असं तर म्हणूच नका. हे वाक्य मला फार लागतं. पुण्य म्हटलं की कसब झाकलं जातं, आणि मग पगार कमी असला तरी कुणाला काही वाटेनासं होतं.

नुसतं कूस बदलणं घ्या. साधारण दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. हाडं वर आलेल्या पेशंटला दंडाला धरून ओढलं तर माकडहाडावरची कातडी चादरीला घासून सोलते, आणि ती जखम सहसा भरून येत नाही. म्हणून खांद्यापासून मांडीपर्यंत आडवी चादर घालतात. दोघी दोन बाजूंना, कडा गुंडाळून मुठीत धरायच्या, एकदमच उचलायचं. पूर्ण कुशीवर नाही. पाठीमागे उशी सारून 30 अंश कलतं, म्हणजे खुब्याच्या हाडावर भार येत नाही. गुडघ्यांमध्ये पातळ उशी, टाचा अधांतरी. कॅन्सर हाडात उतरला असेल तर मॉर्फिनची, म्हणजे तीव्र वेदना शमवणारी गोळी देऊन अर्धा-पाऊण तास थांबतात, मगच हात लावतात.

तोंडाचंही तसंच. शेवटी श्वास तोंडाने चालतो, जीभ लाकडासारखी होते. आपण मायेने चमच्याने पाणी घालतो. गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जातं. मावशी बोटाला गॉज गुंडाळतात, पाण्यात बुडवून पिळतात आणि हिरड्या, गालाची आतली बाजू, टाळू पुसतात. ऑक्सिजन चालू नसेल तर ओठांना व्हॅसलीन.

तोंडाच्या कॅन्सरने गालाला भोक पडलेल्या पेशंटची पट्टी कोरडीच ओढली तर रक्त येतं, म्हणून आधी सलाइनने भिजवतात. मग जखमेवर मेट्रोनिडाझोल या जंतू मारणाऱ्या औषधाची पूड. वास मेलेल्या मांसातल्या जंतूंचा असतो. तो काही दिवसांत उतरतो आणि दारात थबकलेली नातवंडं खाटेवर येऊन बसतात.

तेव्हा पत्र लिहा, संस्थेच्या प्रमुखांना, मावशींचं नाव घालून. ‘उत्तम सेवा’ नको. ‘रात्री तीनला कूस बदलण्याआधी बाबांना हाक मारून सांगायच्या’ असं लिहा. वांद्र्याच्या शांती अवेदना सदनासारख्या ठिकाणी 1986 पासून पेशंटकडून पैसे घेत नाहीत. तिथे काय कमी पडतंय ते विचारून तेच द्या. मोठ्यांचे डायपर, अंडरपॅड, गॉज, आणि धुऊन मऊ झालेल्या सुती साड्या, आडव्या चादरीसाठी.

‘बापाला मरायला टाकलं’ म्हणणारं कुणीतरी घरात असेलच. त्यांना हे सगळं एक रात्र करायला सांगा. घरी एकट्या सुनेकडून याची अपेक्षा ठेवणाऱ्यांना बोलायचा हक्क नाही, असं माझं ठाम मत आहे.

पेढे न्या, पण रात्रपाळीचा वाटा वेगळा काढून द्या. पैसे कुणाच्या हातात देऊ नका, बहुतेक ठिकाणी ते चालत नाही आणि त्यांनाच जाब द्यावा लागतो. उरलेलं मॉर्फिन शेजारच्या पेशंटला देऊ नका, संस्थेत परत करा. पूड वगैरे घरी करायचं तर तिथल्या डॉक्टरांना विचारून. आणि स्वयंसेवक व्हायचं मनात असेल तर लगेच नको. बऱ्याच ठिकाणी घरात मृत्यू झाल्यावर काही महिने थांबायलाच सांगतात.